स्कॅनचा कच्चा डेटा पण जमा करून घ्या

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी वाचली की शहरातल्या एका जुन्या इमारतीच्या दुरुस्तीआधी लेझर मशीननं तिचे ‘थ्रीडी फोटो’ काढले आणि आता त्या इमारतीची ‘डिजिटल कॉपी’ तयार आहे. वाचून खरंच बरं वाटलं. मी बारा-तेरा वर्षांपासून हेच काम करतो, आधी टोटल स्टेशनवर, म्हणजे एकेक पॉइंट मोजायच्या मशीनवर होतो, मग स्कॅनिंगवर आलो, आणि आपल्या नागपुरात जुन्या इमारतीला हात लावायच्या आधी कोणी तिची नीट मोजणी करून घेतं हीच मोठी गोष्ट आहे. पण ‘फोटो’ आणि ‘कॉपी’ या दोन शब्दांवर लिहावंसं वाटलं, कारण या दोन शब्दांच्या गैरसमजातून पुढं काय नुकसान होतं ते मी एकदा स्वतः पाहिलं आहे आणि ते अजून मनातून जात नाही.

पहिलं म्हणजे तो फोटो नसतो, मोजणी असते. ट्रायपॉडवर मशीन ठेवतो, आतला आरसा जोरात फिरतो आणि मशीन स्वतः हळूहळू गोल फिरतं, आणि लेझरचा किरण भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मशीन मोजत जातं. उजेड एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो, जाणं-येणं दोन्ही धरलं तर १५, म्हणजे एका मिलीमीटरचा फरक पकडायचा तर सेकंदाचे एक लाख कोटी भाग करून त्यातले जेमतेम सात मोजावे लागतात. काही मशीन थेट वेळ मोजत नाहीत, गेलेली लहर आणि परत आलेली लहर यांच्यात किती फरक पडला त्यावरून अंतर काढतात. कसंही असो, अंतर आणि दोन कोन मिळाले की एक पॉइंट पक्का होतो, एक्स वाय झेड. असे सेकंदाला काही लाख पॉइंट, चांगल्या मशीनला दहा-वीस लाखसुद्धा. प्रत्येक पॉइंटसोबत किरण किती जोरात परत आला तेही नोंदलं जातं, त्यामुळं चुना, वीट, सागवान हे रंग नसतानाही वेगवेगळं ओळखू येतं, आणि मशीनला कॅमेरा असला तर वरून रंगही चढतो. कोट्यवधी पॉइंट स्क्रीनवर एकदम पाहिले की धुकं साचल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला पॉइंट क्लाउड म्हणतात.

दुसरी पद्धत ड्रोनची, त्यात मात्र खरंच फोटो असतात. एकमेकांवर ७०-८० टक्के चढतील असे शेकडो फोटो काढायचे, मग सॉफ्टवेअर एकच खूण अनेक फोटोंत शोधून तिची जागा काढतं आणि त्यातूनही पॉइंट क्लाउडच तयार होतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननंच चालली आहे, खेड्यातल्या पुष्कळ लोकांनी तो ड्रोन पाहिला असेल. फोटोला झाडाखालची जमीन दिसत नाही. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून लेझर सोडला तर एकाच किरणाचा काही भाग पानांवरून, काही फांदीवरून आणि उरलेला जमिनीवरून परत येतो, म्हणून झाडं बाजूला काढून खालची जमीन पाहता येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटर मार्गाचा सर्व्हे असाच हवेतून १२ आठवड्यांत झाला होता, आणि २०२१ मध्ये मुंबई-नागपूर मार्गासाठीही हेच काम हाती घेतलं होतं.

आता माझा अनुभव सांगतो. साताठ वर्षं झाली असतील, नागपूरच्या महाल भागात एक वाडा होता, दोन चौकांचा, सागवानी सुरूदार खांब, महिरपी, वर कडीपाट म्हणजे लाकडी छत, मागच्या चौकात विहीर. एका कार्यालयानं त्याची मोजणी काढली होती. नाव लिहित नाही, तिथले लोक वाईट नव्हते, कामाची पद्धतच तशी होती आणि अजून बहुतेक ठिकाणी तशीच आहे. मे महिना चालू होता. आमच्या मशीनच्या पुस्तकात ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं आणि नागपूरचा मे म्हणजे ४५, म्हणून सकाळी साडेपाचला पोचायचं, दहा वाजता मशीन पेटीत टाकायचं, आणि पुन्हा ऊन उतरल्यावर यायचं. वाड्यात एक आजी राहायच्या, त्या ओटीवर बसून सगळं पाहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काहून रे बाबू, हे गोल गोल फिरून काय पाहून राहिलं?” म्हटलं आजी, तुमच्या घराचा कोपरान् कोपरा मोजून राहिलं. तर म्हणाल्या, “मंग माजघराच्या मागची भिंत नीट मोज, तिले पोट आलं हाय.”

मशीनला फक्त समोरचं दिसतं, खांबाच्या मागचं नाही, तुळईच्या वरचं नाही. म्हणून एका ठिकाणचं स्कॅन झालं की ट्रायपॉड उचलून पुढं न्यायचा, असे आम्ही ४६ सेटअप केले. काळ्यापांढऱ्या चौकटींची टार्गेट भिंतीवर चिकटवली, चौकात पांढरे गोळे ठेवले, म्हणजे नंतर एक स्कॅन दुसऱ्याला जोडताना तीच खूण दोन्हीकडं सापडावी. देवघरात मोठा आरसा होता. लेझरला आरसा कळत नाही, किरण आरशातून उलटून समोरच्या भिंतीवर जातो आणि मशीनला वाटतं आरशाच्या मागं आणखी एक खोली आहे, नसलेलं देवघर डेटात उभं राहतं. आजींनी त्यावर टाकायला स्वतःचं जुनं लुगडं काढून दिलं. विहिरीच्या पाण्यावरून जवळजवळ काहीच परत येत नव्हतं, घासलेल्या पितळी समयांवरून भलतेच पॉइंट येत होते, आणि मधून कोणी चालत गेलं की त्याची फाटकी सावली हवेत राहायची. हे सगळं नंतर हातानं साफ करावं लागतं. लोकांना वाटतं मशीन फिरलं की काम झालं, खरं तर एक दिवस फील्डवर गेला तर तीन-चार दिवस टेबलावर जातात.

मग रजिस्ट्रेशन, म्हणजे ४६ वेगवेगळे क्लाउड एकाला एक जुळवून एकच करणं. कॉम्प्युटर दोन क्लाउडमधले जवळजवळचे पॉइंट धरून एकाला दुसऱ्यावर सरकवत जातो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. एकेका जोडाला दोन मिलीमीटरची चूक आणि असे वीस जोड ओळीनं आले तर शेवटच्या खोलीपर्यंत ती चूक चांगलीच वाढू शकते. म्हणून चौकाला गोल फिरून जिथून सुरुवात केली तिथंच परत यायचं आणि किती फरक उरला ते पाहायचं. आणि हे सगळं जमिनीवरच्या पक्क्या खुणांना बांधलं नाही तर क्लाउड आतून कितीही चांगला असो, तो कुठं आहे आणि किती उंचीवर आहे ते कोणालाच कळत नाही. आपल्याकडं झिरो माइलला लोक सेल्फी काढतात ना, तिथला तो दगडी खांब त्रिकोणमितीय सर्व्हेचा १९०७ चा बेंचमार्क आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेला, १०२० फुटांच्या थोडी वर. असल्या खुणांशी जोडलं तरच आजचं स्कॅन आणि वीस वर्षांनंतरचं स्कॅन एकमेकांवर ठेवून काय सरकलं, काय खचलं ते सांगता येतं. विदर्भात तर आणखी एक काळजी घ्यावी लागते, ७८ रेखांश मधून जातो, त्यामुळं यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा सांगायच्या पद्धतीत, नागपूर-वर्धा ४४ नंबर झोनमध्ये आणि अमरावती-अकोला ४३ मध्ये. कोणत्या झोनमध्ये काम केलं ते लिहून ठेवलं नाही तर पुढच्या माणसाचा अख्खा डेटा शेकडो किलोमीटर दुसरीकडं जाऊन पडतो. फाइलीसोबत एक ओळ लिहिली असती तर टळलं असतं असे घोळ मी पाहिले आहेत.

हे झालं कॅप्चर. आता मॉडेल, आणि माझं खरं म्हणणं इथंच आहे.

क्लाउड म्हणजे मॉडेल नव्हे. क्लाउडमध्ये भिंत नसते, दार नसतं, खांब नसतो, फक्त पॉइंट असतात. त्यातून भिंत कोणती ते माणूस ठरवतो. आम्ही जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर क्लाउडचा पातळ काप काढतो, दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा, त्यात भिंतींच्या कडा काळ्या रेघांसारख्या दिसतात आणि त्यावरून प्लॅन काढतो, मग उभा काप काढून उंच्या काढतो, आणि त्यावर रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती, खांब, तुळया एकेक करून बसवत जातो. मेट्रोच्या कामामुळं नागपुरात ‘बिम’ हा शब्द आता पुष्कळ इंजिनियर लोकांच्या तोंडी आहे, बिम म्हणजे बांधकामाची सगळी माहिती जोडलेलं कॉम्प्युटरवरचं मॉडेल, आणि फाइव्ह-डी बिम म्हणजे मॉडेलला वेळ आणि खर्च पण जोडलेला. नव्या बांधकामाचं मॉडेल आधी होतं आणि भिंत नंतर. जुन्या वाड्याचं उलटं, भिंत दोनशे वर्षं आधीपासून उभी आहे, वाकलेली, फुगलेली, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, आणि सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढली की ती सरळ, ओळंब्यात आणि सारख्या जाडीची निघते. वाकडी काढता येते पण तिला खूप वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे टेंडरमध्ये कोणी धरलेले नसतात.

आजींनी दाखवलेली माजघरामागची भिंत मी उभ्या कापात पाहिली होती. मधोमध साधारण चार सेंटीमीटर बाहेर आलेली होती, आजींचं म्हणणं बरोबर होतं. पण कामाच्या अटीत अडीच सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालेल असं लिहिलेलं, बाकी भिंती त्यात बसत होत्या, ही एक बसत नव्हती, वरून मुदत संपत आलेली, आणि शेवटी सांगण्यात आलं की सरळ काढा आणि शेऱ्यात लिहा. मी शेरा लिहिला. छापताना शीटवर जागा कमी पडली म्हणून तो शेरा काढला गेला हे मला फार नंतर कळलं.

काम द्यायला गेलो तेव्हा ड्रॉइंगचे चार सेट, मॉडेलची सीडी आणि सगळ्या कच्च्या स्कॅनची एक हार्ड डिस्क घेऊन गेलो होतो, १८० जीबी भरली होती. आवक विभागात सांगितलं, टेंडरमध्ये ड्रॉइंग आणि सीडी लिहिलंय, डिस्क कशात जमा करू, नोंद कुठं घेऊ, घेऊन जा. मी पुष्कळ समजावलं, की साहेब खरा माल यात आहे, ड्रॉइंग तर यातून पुन्हा कधीही काढता येईल, पण ड्रॉइंगमधून हे परत काढता येणार नाही. घेतली नाही. डिस्क आमच्या तेव्हाच्या ऑफिसात परत गेली आणि वर्षभरात दुसऱ्या कामासाठी पुसून वापरली गेली, कारण डिस्क महाग आणि जुन्या कामाचं बिल निघून गेलेलं.

तीन पावसाळे गेल्यावर एक स्ट्रक्चरल इंजिनियर मला शोधत आले. भिंतीचं पोट आता हातभर उंचीत स्पष्ट दिसत होतं आणि त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती, तेव्हा किती होतं? कारण तेव्हाही तितकंच असेल तर भिंत जुन्या काळी कधीतरी सरकून तिथंच थांबली आहे, टेकू देऊन, चुना भरून वाचवता येते. आणि तीन वर्षांत वाढलं असेल तर ती चालू आहे, आज ना उद्या पडेल. त्यांनी ड्रॉइंग उघडलं, ड्रॉइंगमध्ये भिंत सरळ. मी म्हटलं चार सेंटीमीटर होतं, मला आठवतं. ते म्हणाले तुमच्या आठवणीवर मी सही कशी करू, आणि त्यांचं बरोबरच होतं. वर लोक राहात होते, धोका कोणी पत्करणार नाही, भिंत उतरवली, भिंतीसोबत तिच्यावरचा कडीपाट उतरला, मग मागचा चौक गेला. कच्चं स्कॅन असतं तर दुसरं स्कॅन करून दोन्ही एकमेकांवर ठेवायला एक दिवस पुरला असता. भिंत कदाचित तेव्हाही वाचली नसती, पण निर्णय माहितीवर झाला असता.

पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या चर्चचं उदाहरण सगळे देतात की आग लागण्याआधी तिचं स्कॅन झालेलं होतं म्हणून बरं. ते खरं आहे, अँड्र्यू टॅलन नावाच्या कला-इतिहासाच्या प्राध्यापकानं २०१० च्या सुमारास पन्नासहून जास्त ठिकाणांहून स्कॅन करून १०० कोटींहून जास्त पॉइंट गोळा केले होते, स्वतः २०१८ मध्ये वारला आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये आग लागली. पण त्यानं आगीसाठी स्कॅन केलं नव्हतं. त्याला पाहायचं होतं की जुन्या कारागिरांनी बांधताना कुठं काय चुकवलं आणि कसं सावरलं, आणि पश्चिमेकडच्या टोकाला आतले खांब एका ओळीत नाहीत हे त्याला क्लाउडमध्ये दिसलं. सगळं सरळ करून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये ते दिसलं असतं का? आपल्या वाड्यांच्या, देवळांच्या, महालातल्या जुन्या दरवाज्यांच्या वाकडेपणातही असंच पुष्कळ लिहिलेलं आहे, ते वाचणारा माणूस पुढं केव्हातरी येईल, त्याच्यासाठी पॉइंट ठेवायचे असतात.

आणि ही परंपरा आपल्याकडं नवी नाही. १८०२ मध्ये मद्रासला बेसलाइन, म्हणजे मोजणीची पायाची रेघ, मोजून ज्यानं हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्व्हेला सुरुवात केली तो विल्यम लँबटन १८२३ मध्ये नागपूरकडं येताना आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथं आहे. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन फिरणाऱ्या त्या लोकांच्या सर्व्हेनं फक्त नकाशे ठेवले नाहीत, मोजणीचे आकडेसुद्धा जाडजाड खंडांत छापून ठेवले, म्हणून मागून येणाऱ्याला आधीच्याचं काम तपासता आलं. तेव्हा कागदावर जमलं आणि आज चार-पाच हजाराच्या डिस्कवर जमू नये याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे फक्त जुन्या इमारतींपुरतं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरेल याचं मॉडेल करायला जमिनीचे बारीक चढ-उतार लागतात, अर्धा फूट इकडंतिकडं झालं तरी पाणी दुसऱ्या बाजूला वळतं, आणि ते लेझर क्लाउडमधून चांगले मिळतात. तलावाचा तळ मात्र नेहमीच्या लेझरनं मिळत नाही, कारण तो उजेड पाण्यात शोषला जातो, तिथं हिरवा लेझर किंवा बोटीतून आवाजाची मोजणी लागते. आता एकाच नाल्याच्या आजूबाजूला रस्त्यासाठी एक स्कॅन, पुलासाठी दुसरं, सीवर लाइनसाठी तिसरं, असं होत असेल आणि प्रत्येकाचा क्लाउड ज्याच्या त्याच्या ठेकेदाराच्या कपाटात राहात असेल तर आपण एकाच जमिनीचे पैसे तीनदा देतो आणि पूर आला की एकही हाताशी नसतो. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या गाइडलाइन्समध्ये तर सार्वजनिक पैशातून तयार झालेला असा डेटा, सुरक्षेचा भाग सोडून, आपल्या देशातल्या लोकांना वापरायला मिळाला पाहिजे असंच म्हटलं आहे. म्हणजे नियमाची अडचण नाही, टेंडरमध्ये चार ओळी लिहायची सवय नाही.

त्या ओळी काय असाव्यात तेही सांगतो, मागं लागायला सोपं जाईल. प्रत्येक सेटअपचं कच्चं स्कॅन आणि जोडलेला पूर्ण क्लाउड, दोन्ही द्या, आणि ते ई-५७ किंवा लास सारख्या खुल्या फॉरमॅटमध्ये द्या, कारण मशीनच्या कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये दिलं तर पंधरा वर्षांनी ते उघडणारं सॉफ्टवेअर राहील की नाही याची खात्री नसते. सोबत रजिस्ट्रेशनचा रिपोर्ट, कंट्रोल पॉइंटची म्हणजे जमिनीवरच्या पक्क्या खुणांची यादी, कोणता झोन, उंची कोणत्या बेंचमार्कवरून घेतली, तारीख आणि मशीन कोणतं हे लिहून द्या. मॉडेलमध्ये जिथं जिथं सरळ केलं आहे तिथं प्रत्यक्षात किती फरक आहे ते मॉडेलच्या आतच नोंदवा, कागदाच्या कोपऱ्यात नको. दोन प्रती, एक दुसऱ्या इमारतीत. आणि आवक रजिस्टरला हार्ड डिस्कसाठी एक रकाना, एवढा एक रकाना तेव्हा असता तर माझी डिस्क परत आली नसती.

त्या आजी आता मुलाकडं राहायला गेल्या. मागं एका लग्नात भेटल्या, त्यांनी ओळखलं आणि विचारलं, “बाबू, तुह्या त्या मशीनमध्ये आमचं देवघर असन ना? नातवाले दाखवजो एकदा.” माझ्याजवळ फक्त प्लॅन होता, त्यात देवघर म्हणजे चार रेघा आणि आत लिहिलेलं ‘देवघर’.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की ती बातमी ज्यांनी केली त्यांना पुन्हा एकदा त्या कार्यालयात पाठवा. डिजिटल कॉपी झाली हे छापून आलं, चांगलं झालं, आता त्यांनी विचारावं की कच्चं स्कॅन किती जीबीचं आहे, कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे, आणि आज या क्षणी ती डिस्क कोणाच्या टेबलावर आहे. दुरुस्तीचं काम अजून सुरू झालेलं नाही असं बातमीत होतं, म्हणजे ठेकेदाराकडं डेटा असणार, पुसायच्या आधी मागून घेता येईल.

आपला नियमित वाचक,
एक सर्व्हेयर, सक्करदरा, नागपूर